बॅटरीच्या पोटातली जाळी

फवारणीचा हंगाम संपला की पाठीवरचा पंप आपण गोठ्यात खुंटीला अडकवतो आणि पुढचा पावसाळा लागेपर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. हाताने दांडा हलवायचा पंप होता तोवर हे चालून गेले. वॉशर वाळला तर बदलला, काम झाले. आता बहुतेकांच्या घरी बॅटरीवरचा पंप आला आहे, आणि बॅटरी ही खुंटीला टांगून विसरायची वस्तू नव्हे. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. गेल्या हंगामात माझ्याच घरी जे घडले ते आधी सांगतो, लाज वाटत असली तरी.

आमच्या घरच्या शेतीला एक जुना पंप आहे. त्यातली मूळची शिशाची बॅटरी बसली. तालुक्याच्या गावी एका दुरुस्तीच्या दुकानात तिच्या जागी लिथियमची बॅटरी टाकून मिळाली. वजनाला निम्मीसुद्धा नाही आणि एका चार्जिंगमध्ये टाक्या जास्त निघतात, म्हणून मी खूश. चार्जर मात्र घरी जुनाच होता. दुकानदाराने विचारले नाही, मी सांगितले नाही. रात्री माजघरात चार्जिंगला लावून झोपलो. त्याच माजघरात, भाव वाढण्याची वाट बघत, पाच-सहा क्विंटल कापूस रचून ठेवलेला. पहाटे आई उठली तर घरभर गोडसर, औषधासारखा वास. बॅटरीची पेटी फुगून फाकली होती, हात लावावा तर चटका बसत होता. आईने आधी भिंतीवरचे बटण बंद केले, पंप पट्ट्याला धरून ओढत अंगणात नेला आणि मग मला हाक मारली. म्हणाली, "एवढा शिकलास आणि कापसाजवळ निखारा ठेवून निजलास होय रे?"

यावर मी काय उत्तर देणार? लोकांना सल्ला देणारा माणूस मी. तेव्हापासून या बॅटरीच्या पोटात असते तरी काय, हे समजून घेण्याच्या मागे लागलो. जे समजले ते तुमच्या-आमच्या भाषेत मांडतो. थोडे रसायनशास्त्र येईल, पण घाबरू नका. सगळा मामला शेवटी भोकांचा आहे, आणि भोकांचे महत्त्व शेतकऱ्याइतके कुणाला कळते?

आता तुम्ही म्हणाल, ते कसे? चांगल्या जमिनीचे ढेकूळ हातात घ्या. त्याच्या आकारमानातला साधारण निम्मा भागच घट्ट असतो, उरलेला निम्मा म्हणजे पोकळी. त्या पोकळीत पाणी राहते, हवा खेळते, मुळ्या शिरतात. ओल्या रानात ट्रॅक्टर घालून ही पोकळी दाबून टाकली की तीच जमीन, तेच खत, पण पीक उठत नाही. बॅटरीचेही नेमके असेच आहे. तिच्यातले शिसे, लिथियम, कार्बन हे सगळे महत्त्वाचे खरे, पण पोकळी बुजली की बॅटरी मेली.

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी दुरुस्तीवाल्याकडे उघडलेली कुणी पाहिली असेल. आत शिशाच्या पट्ट्या दाटीवाटीने उभ्या असतात आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये काळसर प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो. पट्टी पट्टीला टेकली तर आतल्या आत शॉर्ट होणार, म्हणून हा पडदा. पण नुसता आडपडदा करून भागत नाही, कारण आम्लातले विजेचे कण या पट्टीकडून त्या पट्टीकडे गेले नाहीत तर बॅटरी वीज देणार कशी? म्हणून पडदा हवा, पण जाळीचा हवा. फार पूर्वी यासाठी लाकडाचे पातळ तक्ते वापरत, नंतर रबर आले, आता पॉलिथिनमध्ये सिलिकाची भुकटी घालून केलेला सच्छिद्र पडदा असतो. फवारणी पंपात जी सीलबंद शिशाची बॅटरी येते, तिच्यात काचेच्या बारीक तंतूंचा टिपकागदासारखा थर असतो. तो आम्ल शोषून धरतो, म्हणून पंप आडवा झाला तरी सहसा सांडत नाही.

लिथियमच्या बॅटरीत हा पडदा आणखी नाजूक. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे आपल्या पिशव्या आणि खताची पोती ज्यापासून होतात तेच प्लॅस्टिक. जाडी मात्र साधारण १० ते २५ मायक्रॉन. माणसाचा केस त्याच्या काही पट जाड भरतो. एवढ्या पातळ पडद्यात सुमारे ४० टक्के पोकळी, आणि एकेक छिद्र मायक्रॉनच्याही दहाव्या भागाच्या आसपास. डोळ्यांनी पाहिले तर पांढरा गुळगुळीत कागद, छिद्र एकही दिसत नाही.

ही छिद्रे पाडतात कशी, याची एक रीत मला फार आवडली. प्लॅस्टिक वितळवून त्यात पातळ तेल मिसळतात, त्याचा पापुद्रा लाटतात, ताणतात आणि मग द्रावण लावून ते तेल धुऊन काढतात. जिथे जिथे तेल होते तिथे तिथे पोकळी राहते. दुसऱ्या रीतीत तेल नसते, नुसता पापुद्रा हिशेबाने ताणून त्याला बारीक चिरा पाडतात. घरातल्या बायकांना हे चटकन कळेल. अनारशाला जाळी पडायची तर पीठ, गूळ, तळणीचा ताव सगळे जमून यावे लागते. कारखान्यात तेच, फक्त जाळी मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो.

आता या पडद्याची खरी करामत. बॅटरी काही कारणाने तापू लागली आणि आतले तापमान १३० अंशांच्या आसपास गेले की पॉलिथिन मऊ होऊन त्याची छिद्रे आपोआप बुजतात. कणांची ये-जा थांबते, वीज थांबते. बांधाची मोरी बंद करावी तसे. काही बॅटऱ्यांत यासाठी तीन थरांचा पडदा असतो. मधला थर पॉलिथिनचा, तो आधी वितळून छिद्रे बुजवतो, आणि दोन्ही बाजूंचे पॉलिप्रॉपिलीनचे थर साधारण १६५ अंशांपर्यंत तग धरून पडद्याला आकार देतात. पण उष्णता त्याही पलीकडे गेली तर पडदा आकसतो, दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, आणि आतले द्रावण तर पेट घेणारे असते. मग जे होते ते आपण मोबाइलच्या आणि विजेच्या स्कूटरच्या बातम्यांत वाचतो.

माझ्या घरी काय झाले ते आता सांगता येईल. त्या बॅटरीत तीन सेल एकापुढे एक जोडलेले होते. असा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे तिन्ही मिळून १२.६. माझा जुना चार्जर शिशाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा, तो १४ व्होल्टच्याही वर जातो. चांगल्या बॅटरीत जास्त भरणी झाली की तोडणारे एक छोटे इलेक्ट्रॉनिक कार्ड असते. या स्वस्तातल्या बॅटरीत ते नव्हते, किंवा होते ते कुचकामी. भरलेल्या टाकीत रात्रभर पाणी सोडत राहावे तसे झाले. आतले द्रावण फुटून वायू झाला आणि पेटी फुगली. पेटली नाही एवढे नशीब.

इथे घाईने दोन गोष्टी नोंदवतो. लिथियमच्या बॅटरीला तिच्याचसाठी दिलेला चार्जर लावा. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असे नाही, व्होल्टचा आकडा दोन्हींवर वाचा. आणि कापूस, कडबा, सोयाबीनचे कुटार, रॉकेल यांच्या जवळ, किंवा घरची माणसे झोपलेली असताना चार्जिंग करू नका. अंगणात, ओट्यावर, सावलीत, डोळ्यांसमोर करा. फुगलेली बॅटरी टोचू नये, दाबू नये, पुन्हा चार्ज करून बघू नये. मोकळ्यावर, मातीत ठेवावी. पेटलीच तर आधी विजेचे बटण बंद करा आणि मग भरपूर पाणी ओता, कारण खरा उपाय तिला गार करणे हाच आहे.

हंगामाबाहेरच्या दिवसांतही दोन जातींचा स्वभाव वेगळा. शिशाची बॅटरी रिकामी ठेवली की तिच्या पट्ट्यांवरचे गंधकाचे क्षार कडक होतात आणि पट्टीतली पोकळी बुजते. आपल्याकडे पाण्याखालच्या जमिनी क्षारपड होतात, तोच प्रकार, आणि एकदा जमीन चोपण झाली की सुधारायला किती वर्षे लागतात ते तुम्ही जाणता. म्हणून तिला पूर्ण भरून ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरा. लिथियमची मात्र निम्म्याच्या आसपास भरून, थंड जागी ठेवलेली बरी. पत्र्याखाली नको. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होते ते वेगळे सांगायला नको.

एवढे झाल्यावर बांधावरचा एक नेहमीचा प्रश्न घेतो. ज्यांनी सौर कृषिपंप बसवला त्यांतले निम्मे लोक मला विचारतात, "साहेब, हा पंप रातच्याला का नाही चालत? एखादी बॅटरी जोडून द्या ना." कारण सरळ आहे. या पंपाला बॅटरी दिलेलीच नसते, ऊन असेल तोवर तो चालतो. बॅटरी जोडायची तर हिशेब करू. ५ अश्वशक्तीचा पंप तासाला ३.७ युनिट तरी खातो. सहा तास चालवला तर २२ युनिट. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १.८ युनिट धरते, पण ती टिकवायची असेल तर निम्मीच वापरावी. म्हणजे ०.९ युनिट. २२ ला ०.९ ने भागा. पंचवीस बॅटऱ्या लागल्या! त्याही मधली गळती न धरता. एकीची किंमत तुम्हाला ठाऊक आहे, पंचविसाने तुम्हीच गुणा. हा हिशेब मांडला की समोरचा माणूस टोपी सारखी करतो आणि विषय बदलतो.

पण प्रश्न चुकीचा नाही. दिवसा वीज नाही म्हणून रात्री दारे धरायला जाणारा माणूस साप, विंचू, बिबट्या यांच्या तोंडी जातो. दिवसाचे ऊन रात्रीसाठी स्वस्तात साठवता आले तर खेड्याचा अर्धा जाच संपेल. म्हणूनच जगभरच्या प्रयोगशाळा या भोकांच्या मागे लागल्या आहेत, आणि नुसत्या पडद्यातल्या नव्हे, तर वीज साठवणाऱ्या पदार्थातल्याच भोकांच्या.

त्याचे तत्त्व असे. वीज साठते ती पदार्थाच्या पृष्ठभागाशी. पृष्ठभाग जितका जास्त तितकी साठवण जास्त. धान्य वाळत घालायला खळे मोठे लागते तसे. मग लहानशा खड्यात मोठे खळे कसे बसवायचे? त्याला आतून पोखरायचे. नारळाच्या करवंटीचा कोळसा खास रीतीने भाजून, वाफेने किंवा रसायनाने पोखरला की सक्रिय कार्बन होतो. त्याच्या एका ग्रॅममध्ये, म्हणजे चिमूटभर भुकटीत, सुमारे १,००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. आपल्या मापात जवळजवळ दहा गुंठे! सात-बारावर लागणार नाहीत, एवढेच.

कार्बनऐवजी थेट प्लॅस्टिकच्या जातीचे, म्हणजे पॉलिमरचे रेणू एकमेकांना जोडून सांगाडा उभा केला तर छिद्रे आपल्या मापाची पाडता येतात. २००९ मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी असा एक सांगाडा केला, त्याचा पृष्ठभाग ग्रॅमला ५,६०० चौरस मीटर भरला. हिशेब केला तर एक एकर पंधरा गुंठे. या पदार्थांतली छिद्रे नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. नॅनो हा शब्द आपल्याकडे आधी मोटारीमुळे आणि २०२१ पासून युरियाच्या बाटलीमुळे रुळला. इथे त्याचा अर्थ फक्त माप, दुसरे काही नाही.

यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. २००५ मध्ये अमेरिकेत ओमर याघी यांच्या गटाने असे जाळीदार, रांगेत बांधलेले सेंद्रिय सांगाडे पहिल्यांदा केले. हेच याघी पुढे २०२५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराच्या तिघा मानकऱ्यांपैकी एक झाले, ते धातू घालून केलेल्या अशाच जाळ्यांच्या कामासाठी. पण ते पहिले सेंद्रिय सांगाडे पाण्याच्या दमटपणानेही कोसळत. बॅटरीत तर आम्ल असते! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये अशी जोडणी काढली की सांगाडा आम्लातही टिकला आणि अल्कलीतही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्याच धाटणीच्या जोडणीत वीज धरणारा रेणू गुंफून सांगाड्यात वीज साठवून दाखवली गेली.

आता गंमत बघा. त्या पहिल्या प्रयोगात भुकटीतला फार थोडाच भाग विजेच्या कामी आला. का? कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारा. धरण भरलेले, मुख्य कालवा वाहतो, पण वितरिका नाहीत, शेतचाऱ्या बुजलेल्या, मग शेवटच्या रानाला पाणी पोचते का? या पदार्थांचेही तेच. नुसती बारीक छिद्रे पुष्कळ असून चालत नाही. मोठ्या छिद्रांतून मधल्या छिद्रांत आणि मधल्यांतून बारीक छिद्रांत अशी वाट लागते. शास्त्रज्ञ २ नॅनोमीटरहून लहान, २ ते ५० आणि ५० हून मोठी अशी तीन प्रतवारी करतात. मी त्यांना शेतचारी, वितरिका आणि कालवा म्हणतो. कॉर्नेलच्या गटाने पुढे २०१५ मध्ये भुकटीऐवजी पातळ, सरळ उभ्या छिद्रांचा थर वापरला, तेव्हा कुठे टोकापर्यंत वीज पोचली.

अडचणी अजून बऱ्याच आहेत. हे सांगाडे मुळात विजेचे चांगले वाहक नाहीत, म्हणून त्यांत कार्बन मिसळावा लागतो. पोकळ असल्याने वजनाला हलके पण जागा फार खातात, कापसाच्या गाडीसारखे. आणि क्विंटलाने नव्हे, ग्रॅमने तयार होतात. तुमच्या पंपात आज असा पदार्थ नाही आणि कुणी आहे म्हणून विकत असेल तर त्याला बाहेरूनच राम राम करा.

सक्रिय कार्बन मात्र बाजारात आहे, सुपरकपॅसिटर नावाच्या साठवणयंत्रात. ते क्षणात भरते, क्षणात रिकामे होते आणि लाखो वेळा हे करूनही थकत नाही. काही पवनचक्क्यांत वीज गेली तरी पाती वळवून थांबवता यावीत म्हणून ते बसवलेले असते. पण किलोमागे ते ५ ते १० वॅट-तास धरते, शिशाची बॅटरी ३० ते ४०, लिथियमची दीडशेच्या आगेमागे किंवा जास्त. म्हणजे सुपरकपॅसिटर हा हौद, बॅटरी ही विहीर. रात्रभर भिजवण करायची तर हौद पुरत नाही.

लाकूड, पऱ्हाटी, उसाचे चिपाड यांतले सेल्युलोज आणि लिग्निन हेही निसर्गाने केलेले पॉलिमरच. त्यांपासून असा सच्छिद्र कार्बन होतो, हे प्रयोगशाळांनी पुष्कळदा दाखवले आहे. त्यामुळे उद्या कुणी गावात येऊन "तुमच्या पऱ्हाटीचा नॅनो कार्बन करतो, आधी अनामत भरा, माल आम्हीच उचलू" म्हणाला तर थांबा. तत्त्व खरे आहे म्हणून धंदा खरा ठरत नाही. इमूची गोष्ट अजून कुणी विसरलेले नाही. कारखाना कुठे, यंत्र कुठे, माल घेणारा कोण, हे कागदावर मागा. तोवर पऱ्हाटी बारीक करून जमिनीत घातलेली बरी, पोकळी आपल्याच रानाची वाढेल.

आता ग्रामपंचायतीतील मंडळींसाठी थोडे. शाळेत, उपकेंद्रात, पंचायतीच्या कार्यालयात इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटऱ्या असतात, पण त्यांत पाणी कुणी घालायचे हे कुणाच्याच कामात नसते. पाणी आटून पट्ट्या उघड्या पडल्या की त्या कायमच्या जातात. पाणी डिस्टिल्डच हवे, बोअरचे नको, कारण त्यातले क्षार पट्ट्यांवर बसतात. आम्ल वरून घालू नये. महिन्यातून एकदा पातळी बघण्याचे काम एका माणसाच्या नावावर लिहून टाका. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढणाऱ्यांना गावठाणात किंवा ओढ्याकाठी बसू देऊ नका. ते शिसे मातीतून, पाण्यातून लेकरांच्या पोटात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे जमा करा आणि पावती घ्या.

माझी ती फुगलेली बॅटरी अजून परसात वाळूच्या घमेल्यात पडून आहे. दुकानदाराला दोनदा सांगून झाले, तो "पाठवून द्या, बघतो" म्हणतो. पुढच्या बाजारच्या दिवशी घमेल्यासकट नेणार आहे. पंपाला आता नवी बॅटरी आणि तिचाच चार्जर आणला, आणि दोन्हींवर आईने लाल रंगाच्या दोऱ्याची खूण बांधली आहे. खूण जुळल्याशिवाय ती कुणाला बटण दाबू देत नाही, मलासुद्धा.